पत्ते संपले, मुदतीही सरल्या
इंटरनेटच्या जुन्या, म्हणजे आयपीव्ही-४ पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. आयपीव्ही-६ ही नवी पद्धत स्वीकारण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये आराखडा आखला आणि सरकारी खात्यांना मार्च २०१२ ची मुदत दिली. २०२१ मध्ये पुन्हा नवी मुदत द्यावी लागली, ती जून २०२२ ची. याउलट, २०१६ मध्ये जिओने नव्या पद्धतीच्या आधारे फोर-जी जाळे सुरू केले आणि तिच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत गेला. एकाच जुन्या पत्त्यामागे अनेक ग्राहक कोंबले, की सायबर गुन्हेगाराचा माग काढणेही अवघड होते. तेव्हा परिपत्रके पुरेत. नवी पद्धत न जाणणारी उपकरणे खरेदी न करण्याचा दंडक सरकारने स्वतः कटाक्षाने पाळावा.