आधी ट्रिम, मग थ्रॉटल

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर माझी बहीण राहते. संध्याकाळी चौकात खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते, तेव्हा भाचा वरच्या खोलीत संगणकावर विमान उडवत असतो. परवा त्याच्या सेसना १७२ ने ५५ नॉटला धावपट्टी सोडली आणि नाक एकदम आभाळाकडे गेलं. वेग झरझर उतरला, पंखांची उचल सुटत असल्याचा इशारा देणारा स्टॉलचा भोंगा वाजला. त्याने घाबरून जॉयस्टिक आणखी मागे ओढली आणि विमान कोसळलं. “मामा, माझं काय चुकलं?” आम्ही शोधलं. ट्रिमचं, म्हणजे दांडीवरचा ताण हलका करणारं चाक आधीच्या उतरणीपासून नाक वर करण्याच्या बाजूलाच राहिलं होतं. अशा वेळी दांडी ठामपणे पुढे रेटायची, इंजिनाची ताकद पूर्ण ठेवायची, पंख समतल ठेवायचे, वेग ७० नॉटपलीकडे जाऊ द्यायचा आणि मग ट्रिम फिरवून हातावरचा ताण उतरवायचा. खऱ्या विमानात वर गेलेलं नाक नेहमीच असं खाली आणता येत नाही: २०१३ मध्ये अफगाणिस्तानातल्या बगरामहून उडालेल्या मालवाहू बोईंग ७४७ मधलं अवजड लष्करी वाहन सुटून मागे सरकलं, शेपटीकडची यंत्रणा मोडली आणि नाक खाली आणणं वैमानिकांच्या हाती उरलं नाही. विमानातले सातही जण गेले. म्हणून पडद्यावरच्या उड्डाणालाही मी खेळ मानत नाही. आता भाचा थ्रॉटलला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणतो: ट्रिम, फ्लॅप, वजन, दांडी मोकळी. ही सवय त्याच्या अंगी मुरावी, एवढीच माझी इच्छा आहे.