संचलनाआधी नावांची यादी करा

देवळाली कॅम्प म्हटले की तोफखाना आठवतो. फाळणीच्या आधीच तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र काकुलहून इथे आले. तोफांचे आवाज ऐकतच आसपासच्या गावांनी शेती केली. शेजारचे भगूर तर सावरकरांचे जन्मगाव. अशा ठिकाणी १५ ऑगस्टची तयारी सुरू झाली की चर्चा कशाची? बँड कोणता, पाहुणे कोण, मांडव केवढा!

आमचे म्हणणे एवढेच, आधी यादी करा. १९६२, १९६५, १९७१, १९९९. या लढायांत कोणत्या गावचा कोण गेला, हे ग्रामपंचायतीने आणि शाळेने घरी जाऊन लिहून घ्यावे. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्यावे. माईकवर नाव चुकले तर घरच्यांना फार लागते.

वीरमाता, वीरपत्नी पहिल्या रांगेत बसवा. पुढारी मागे बसले तर काही बिघडत नाही. माजी सैनिकांतले बरेचजण आज शेतकरीच. सकाळी डेअरीला दूध घालायचे, पुढे गावात ग्रामसभा. म्हणून श्रद्धांजली आधी घ्या, भाषणे नंतर, आणि तीही आटोपशीर. पोरं ओल्या मैदानात ताटकळतात हो!

हुतात्म्यांच्या नावाने झाड लावायचे तर ऑगस्टच बरा. २६ जानेवारीला लावलेले रोप पाण्यावाचून उन्हाळ्यात जाते. दोन फुटी खड्डा, शेणखत, काठीचा आधार, भोवती काटेरी कुंपण, आणि पाणी कोण घालणार त्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहा. नाहीतर वाळलेली काडी आणि शेजारी पोराच्या नावाची पाटी, हे त्या म्हातारीने रोज जाता-येता बघायचे का?