सुगंधी तेले आणि आपला भोळा विश्वास

दात दुखू लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरावा, पडसे झाले की निलगिरीचे तेल रुमालावर शिंपडून हुंगावे, गुडघे धरले की उग्र वासाचा मलम चोळावा, हे उपचार आपल्या घरोघरी चालतात. त्यांत गुण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांच्या जोडीने जे एक वाक्य नेहमी कानी पडते, ते मात्र आम्हांस मान्य नाही. “झाडपाल्याचेच तर आहे, त्याने काय अपाय होणार?” हे ते वाक्य होय.

ही तेले खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखी स्निग्ध नसतात. ती हवेत उडून जाणारी असतात. वनस्पतीचा भाग वाफेवर धरून ऊर्ध्वपातनाने ती काढतात, आणि तसे करताना वनस्पतीतील काही मोजकी द्रव्ये एकवटली जातात. लवंगेच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असते. विंटरग्रीनचे तेल जवळजवळ संपूर्णपणे मिथिल सॅलिसिलेट असते. ओव्याच्या तेलात थायमॉल असते. त्यालाच आपण ओव्याचे फूल म्हणतो. या तिन्ही द्रव्यांच्या रेणूंत बेंझिनचे कडे आहे. या कड्याची कल्पना केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली मांडली, आणि असे कडे असलेल्या संयुगांना रसायनशास्त्रात ‘ॲरोमॅटिक’ म्हणतात. उलट कापूर, पुदिन्याचे फूल आणि निलगिरीच्या तेलातील सिनिओल यांचा वास तितकाच तीव्र असूनही त्यांत हे कडे नाही. तात्पर्य, वासावरून द्रव्याची रचना कळत नाही, आणि ते निर्धोक आहे की नाही हेही कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, “आमच्या आज्या-पणज्यांनी हेच वापरले, त्यांना काय झाले?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर प्रमाणात आहे. आजीने मसाल्यात दोन लवंगा घातल्या, पोट दुखले तर चिमूटभर ओवा चावावयास दिला. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, लवंगेचे तेल निघण्यास सुमारे ३० ग्रॅम लवंगा लागतात. इतक्या लवंगा कोणते मूल एका बैठकीत खाईल? तेल मात्र एका घोटात पोटात जाते. लवंगेला शतकांच्या अनुभवाने जी पसंती दिली, ती तिच्या तेलाला आपोआप लागू होत नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण आपल्या पूर्वजांचीच आहे, हेही विसरू नये.

परिणाम किती गंभीर होतात ते पाहावे. विंटरग्रीनच्या एक चमचा तेलात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका अंश असतो, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या! लवंगेचे तेल एक-दोन चमचे पोटात गेल्याने लहान मुले बेशुद्ध झाल्याची व त्यांच्या यकृतास इजा पोचल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. कापूर पोटात गेल्यास काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. याच भयास्तव अमेरिकेत १९८२ साली कापूर मिसळलेल्या तेलाच्या औषध म्हणून होणाऱ्या विक्रीस मनाई झाली. आपल्याकडे तर कापराची डबी देवघरात मुलांच्या हाताशी असते, आणि बालकाच्या दृष्टीला कापूर व खडीसाखर यांत भेद दिसत नाही. शिवाय आजचा पुष्कळसा कापूर झाडाचा नसून टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनविलेला असतो. परंतु झाडाचा असो वा कारखान्याचा, दोन्ही सारखेच जपून हाताळले पाहिजेत.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, ही तेले टाकून देऊ नयेत, पण त्यांना औषधाचा मान द्यावा. कुपी कुलपात किंवा उंच फळीवर ठेवावी. वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तेल पोटात घेऊ नये. तान्ह्या मुलाच्या नाकाशी कापूर अथवा पुदिन्याचे फूल नेऊ नये. त्याने श्वास अडखळण्याचे भय असते. चुकून कोणी तेल प्यालेच, तर बळेच ओकारी काढू नये. ते तेल फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. कुपी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. विक्रेत्यांनीही कुपीवर द्रव्याचे नाव, त्याचे प्रमाण आणि धोक्याची सूचना ग्राहकाला समजेल अशा भाषेत छापली पाहिजे.

विज्ञानाच्या तासाला आपण सूत्रे पाठ करतो, ती केवळ परीक्षेपुरती नसावीत. ज्या विद्यार्थ्याने युजेनॉलचे सूत्र वहीत लिहिले, त्याने त्याच सायंकाळी घरातील कुपी धाकट्या भावंडांच्या हाताबाहेर ठेविली, तर त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही समजू.