एक थेंब तेल

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माणसाला चोरी पचत नाही, हा धडा मी गेल्या वर्षीच्या नवरात्रात शिकलो. चोरी म्हणजे कुणाचे पाकीट मारले नव्हते. फक्त एक थेंब तेल वापरले होते. पण त्या एका थेंबाने माझी झोप उडवली. म्हणून यंदा या सदरात तिळाच्या तेलाचे अभ्यंग, उटणे वगैरे नेहमीचे विषय सोडून शिवणाच्या मशीनच्या तेलाविषयी लिहिणार आहे.

आमची धाकटी सोमवार ते शुक्रवार एका कचेरीत हिशेब तपासते आणि शनिवारी लोकांच्या समारंभांत गाणी वाजवते. अशा माणसाला डीजे म्हणतात. हा शब्द आमच्या घरात प्रथम उच्चारला गेला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे विसर्जनाच्या मिरवणुकीतली ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहिली आणि मी एवढेच म्हणालो, "हे काय काम झाले?" वाक्य चारच शब्दांचे, पण त्यानंतर तीन वर्षे तिने मला एकाही कार्यक्रमाला बोलावले नाही आणि मीही विचारले नाही. सौ. मधल्यामध्ये दोघांचे निरोप पोचवीत असे.

धाकटीने स्वतःच्या पगारातून यंत्र घेतले. त्याला कंट्रोलर म्हणतात. चपटी पेटी, दोन बाजूंना दोन तबकड्या, आणि मधोमध एक आडवी फट. त्या फटीत एक दांडी सरकते. दांडी डावीकडे सारली की डाव्या तबकडीचे गाणे ऐकू येते, उजवीकडे सारली की उजवीचे. मध्ये ठेवली की दोन्ही. हा क्रॉसफेडर. एका गाण्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचा तो इथे.

घटस्थापनेआधी घराची झाडलोट चालली होती. धाकटी कचेरीत गेलेली. मी कौतुकाने तिची पेटी पुसायला घेतली आणि ती दांडी सहज इकडून तिकडे सारली. दांडी कुरकुरली. आता, १९७५ साली मी कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ट्रान्झिस्टर जोडला होता. त्याच्या आवाजाचे बटण खरखरू लागले, की एक थेंब तेल सोडायचे, खरखर बंद! तो अनुभव कामी आला. सौ.च्या मशीनच्या खणातली तेलाची बुधली काढली आणि फटीत एक थेंब सोडला. दांडी लोण्यातून फिरावी तशी फिरू लागली. मी बुधली जागच्या जागी ठेवून दिली.

चार दिवसांनी धाकटी सरावाला बसली आणि तिचा चेहरा उतरला. दांडी पूर्ण डावीकडे असूनही उजवीकडचे गाणे मागून कुजबुजत होते. मध्येच आवाज उडी मारी. "माझाच हात जड आहे," ती सौ.ला म्हणाली, "फार आपटते मी दांडी." दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी केली, तर चार आठवडे लागतील असे उत्तर आले. आणि कोजागिरीला आमच्याच इमारतीच्या गच्चीवर तिचा कार्यक्रम ठरलेला! परक्यांच्या मांडवांत वाजवून झाले होते. आपल्या माणसांत ही पहिलीच वेळ. चिटणिसांना नकार कळवायला तिने फोन हातात घेतला. मी वर्तमानपत्राच्या आड बसून एकच बातमी चौथ्यांदा वाचत होतो.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी म्हणालो, "चिटणिसांना दोन दिवस थांबायला सांग. आपण उघडून बघू."

"तुम्ही?" तिने विचारले. त्या एका शब्दात तीन वर्षे होती.

हमीची मुदत संपली होती. ती शिल्लक असती, तर मी पेचकस उचलू दिला नसता. पेटी उघडली की हमी गेलीच म्हणून समजावे. प्रथम संगणकाची तार काढली. मग बटणांच्या टोप्या. या टोप्या नुसत्या खोचलेल्या असतात, पण बोटांनी निघत नाहीत आणि पेचकसाने उचकटल्या तर पेटीवर ओरखडे उठतात. मी पायजम्याची जुनी नाडी आणली, टोपीखालून घातली आणि दोन्ही टोके धरून सरळ वर ओढली. टप्‌ करून टोपी हातात! धाकटी पहिल्यांदा हसली. पेटी पालथी करून स्क्रू काढले. ते सगळे सारख्या लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतल्या पट्टीत घुसतो. म्हणून गेल्या दिवाळीच्या पणत्या मांडल्या आणि एकेका जागेचे स्क्रू एकेका पणतीत ठेवले. प्रत्येक पायरीला धाकटी फोनवर छायाचित्र घेत होती. आतल्या चपट्या तारा हिसडायच्या नसतात. त्यांच्या टोकाशी बारीक खिट्टी असते, ती आधी नखाने उचलायची.

अखेर क्रॉसफेडर बाहेर आला. बोटभर लांबीचा पत्र्याचा भाग, दोन स्क्रूंनी बसवलेला, तीन तारा जोडलेल्या. धाकटीने तो डोळ्यांजवळ नेला आणि थबकली. मग नाकाजवळ नेला.

"बाबा, याला आईच्या मशीनचा वास कसा येतो?"

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघू लागली. चार दिवसांत जे जमले नव्हते ते मी चार वाक्यांत सांगून टाकले. शेवटी म्हणालो, "तुझा हात जड नाही. चूक माझी." धाकटी काही बोलली नाही. तिने पणत्यांतले स्क्रू मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाली, "आता हा उघडून दाखवा. आत काय असतं?"

आत काळ्या कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर स्प्रिंगसारखी पातळ बोटे घासत जातात. बोटे जसजशी सरकतात तसतसा मधल्या तारेवरचा दाब बदलतो. माझ्या ट्रान्झिस्टरमध्ये खुद्द आवाजच या पट्ट्यातून जाई. इथे मात्र आवाज येतच नाही! यंत्र तो दाब मोजून त्याचा आकडा करते, डावीकडे ०, उजवीकडे १२७, आणि तो आकडा संगणकाला कळवते. गाणी मिसळतो तो संगणक. आकडे कळवण्याची ही मिडी नावाची पद्धत १९८३ सालापासूनची. आमच्या दांडीचा आकडा डाव्या टोकाला शून्यावर ठरतच नव्हता; ३, ९, ५ असा नाचत होता. तेलात झिजलेल्या कार्बनची पूड आणि धूळ कालवून तिचा चिखल झाला होता. आम्ही तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला. खाली पट्ट्यावर ओरखडा दिसला. झीज आधीची असेलही. कुरकुर त्याचीच असावी. पण तिला वाट दाखवली ती माझ्या तेलाने. नवा भाग घालण्याला पर्याय नव्हता.

जुना भाग कागदात गुंडाळून आम्ही गोरेगावहून ग्रँट रोडला गेलो. लॅमिंग्टन रोडचे नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन किती वर्षे झाली, पण सुट्या भागांसाठी जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. चौथ्या दुकानात जोड मिळाली. तीन गोष्टी जुळवून घ्याव्या लागतात: दांडीचा प्रवास, आमचा ४५ मिलिमीटर, रोध, आमचा १० किलो-ओहम, आणि स्क्रूच्या भोकांमधले अंतर. दुकानातच मीटर लावून दांडी सावकाश सरकवली. काटा न अडखळता चढला, न अडखळता उतरला. तेव्हाच पैसे दिले.

परतीच्या गाडीत धाकटीने मला तिच्या विद्येचा इतिहास सांगितला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात कूल हर्क नावाच्या तरुणाने एका इमारतीच्या सभागृहात बहिणीबरोबर केलेला जलसा. आणि तिथलाच ग्रँडमास्टर फ्लॅश, जो शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला, लोकांनी टाकून दिलेल्या यंत्रांचे भाग गोळा करी, आणि पुढची तबकडी आधी आपल्या कानात ऐकता यावी म्हणून ज्याने स्वतः स्विच जोडला. "म्हणजे आमच्याच पंथाचा की!" मी म्हणालो. "मग तुम्हाला काय वाटलं होतं?" ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितले.

माझा जुना सोल्डरिंगचा दांडा तापवला. पहिली तार मी जोडली. दुसरीला हात थरथरला आणि कथलाचा गोळा भलतीकडे पडला. मी दांडा तिच्या हाती दिला. "आधी जागा तापव, मग कथील लाव. कथील दांड्यावर नाही, तारेवर वितळलं पाहिजे." तिने दोन तारा अशा जोडल्या की आमच्या काळच्या मास्तरांनीही शाबासकी दिली असती.

मोठ्या दिमाखात तार लावली, तर डावीकडे १२७ आणि उजवीकडे ०! नव्या भागाच्या टोकाच्या पायांचा क्रम उलटा होता. धाकटी म्हणाली, संगणकात उलट करण्याची सोय आहे, राहू द्या. मी म्हणालो, परक्या संगणकावर बसलीस तर? तिने मुकाट्याने दोन टोकांच्या तारांची अदलाबदल केली. आता डावीकडे ०, आणि तो शून्य ढिम्म हलला नाही. स्क्रू पणत्यांतून आपापल्या जागी गेले. एकही उरला नाही.

कोजागिरीला मी गच्चीवर गेलो. दांडीवर लक्ष ठेवायला म्हणून तिच्या मागे उभा राहिलो. तिच्या एका कानाला पुढचे गाणे, दुसरा कान लोकांकडे, डावा हात तबकडीवर, उजवा दांडीवर, आणि नजर सत्तरीच्या जोशीकाकूंच्या पावलांवर. त्यांचे पाऊल मंदावले की गाणे बदले, आणि कधी बदलले ते कुणाला कळत नसे. दोन तास मी ते पाहत होतो. मसाला दूध हातात थंड झाले. बरोबर दहाला तिने आवाज बंद केला.

जिना उतरताना मी म्हणालो, "हे काम आहे बरं का."

ती काही बोलली नाही. दाराशी आल्यावर मीच विचारले, "पुढचा कार्यक्रम कधी आहे?"

"शनिवारी, ठाण्याला. या तुम्ही," ती म्हणाली. "पण बुधली घरी ठेवून या."