मंडईत घेतलेली हजेरी

२०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला आणि शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. शेजारपाजारचे कोणी महाबळेश्वरला गेले, कोणी लोणावळ्याच्या पावसात भिजायला. आम्ही पेशाने शिक्षक. गावाला जायचं म्हटलं की आधी हिशेब, मग बेत, आणि बहुतेक वेळा हिशेबापाशीच बेत संपतो. मुलं फुरंगटून बसली होती. शेवटी रविवारी असरनंतर अम्मी म्हणाल्या, "चला, मंडईपर्यंत तरी पाय मोकळे करू. भाजीही होईल."

मग आम्ही सगळे निघालो. गंज पेठेतून गुरुवार पेठेच्या गल्ल्या धरल्या आणि शिवाजी रस्ता ओलांडला की मंडई. अम्मींच्या चालीनं वीस-पंचवीस मिनिटं. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला. गणपती दहा दिवसांवर आलेले, त्यामुळे जागोजागी मांडवाचे वासे उभे राहत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून गर्दीत लांबून आलेले लोकही भरपूर असतात. ते हातातला मोबाईल वर धरून जुन्या इमारतीचे फोटो काढतात. आपण पुणेकर मात्र खाली बघून भाव विचारत पुढे जातो.

त्या दिवशी आम्हीही मुद्दाम वर पाहिलं. मधला उंच अष्टकोनी मनोरा, त्याच्या चहूबाजूंना पसरलेले लांबलचक भाग, काळा दगड आणि उतरती छपरं. धाकट्याने विचारलं, "हा किल्ला आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही रे, हा भाजीबाजारच म्हणून बांधला." त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. ही इमारत १८८६ मध्ये सुरू झाली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली ती खूप नंतर.

इथे थोरलीने मान वर केली. "पण फुल्यांनी तर मुलींची शाळा काढली ना? भाजीबाजाराला त्यांचं नाव कशाला?"

प्रश्न चांगला होता, आणि उत्तर त्याहून चांगलं आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजारासाठी अशी भव्य इमारत बांधायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देतानाही त्यांनी हाच धागा धरला: प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. इमारत व्हायची ती झालीच. आणि पुढे ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव तिला मिळालं. १८४८ साली जिथे त्यांनी मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा इथून चालत पाच-दहा मिनिटांवर होता; २०२३ मध्ये तो पाडला गेला. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर जोतीराव-सावित्रीबाईंना आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांचं घर आपल्याच गंज पेठेतलं. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून लिहिलेल्या पत्रात जिच्या कष्टांची आठवण काढली आहे, ती फातिमाही याच वस्तीतल्या कामात होती.

आम्ही हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगत होतो. वर्गात सांगतो तसंच.

श्रावण आपल्या घरात नसला तरी भाजीच्या भावात असतो. आतल्या गाळ्यांवरचे भाव ऐकून अम्मी बाहेर वळल्या. तिथे पोतं अंथरून एक मुलगी लिंबांचे वाटे लावून बसली होती. ओढणी कपाळापर्यंत, मान खाली. अम्मींनी दहा लिंबं, एक कोथिंबिरीची जुडी आणि थोडं आलं घेतलं. मुलगी मान वर न करता म्हणाली, "लिंबं पन्नास, कोथिंबीर तीस, आलं पंचवीस. एकशेपाच. दोनशेची नोट आहे ना? वर पाच सुटे द्या, शंभर परत देते."

आवाज ओळखीचा वाटला. तिनं वर पाहिलं आणि पटकन उभी राहिली. "टीचर!"

आमच्याच नववीच्या वर्गातली मुलगी. पाच आठवडे आम्ही हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत होतो. एकदा मैत्रिणींना विचारलं, "का येत नाही ती?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही." आम्ही पुढचं नाव घेतलं. आमच्या घरापासून ती वीस मिनिटांवर बसली होती.

तेवढ्यात तिची आई आली. नवऱ्याचा पाय मोडलाय, हमाली बंद आहे. पहाटे मार्केट यार्डातून माल आणायचा, मग घर, मग आजारी माणूस. "पोरीला बसवू नको तर काय करू, टीचर? मला काय तिची शाळा नकोय का?"

काय बोलणार? दोन मिनिटांपूर्वी आम्ही मनोऱ्याखाली उभं राहून भाषण देत होतो. आता एक शब्द सुचेना. अम्मीच पोत्याच्या कडेला बसल्या आणि विचारलं, "आपा, गिऱ्हाईक कधी जास्त असतं?" उत्तर आलं, "संध्याकाळी." "मग सकाळी कोण बसू शकतं?" शेजारी मिरच्या विकणाऱ्या मावशी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "साडेबारापर्यंत मी बघते की हिचा माल. लिंबं काय पळून जातात?" शाळा सकाळचीच. बुडालेला अभ्यास रात्री आमच्या घरी भरून काढायचं आम्ही कबूल केलं. इतकं साधं होतं ते. पाच आठवड्यांत कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं काम आमचं होतं.

परतताना थोरली म्हणाली, "ती माझ्यापेक्षा भरभर हिशेब करते." आम्ही गप्प चालत राहिलो.

मंगळवारी ती वर्गात आली. बुधवारी नाही आली. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा मंडईत गेलो. वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणे. गुरुवारी आली. असंच चालेल कदाचित, आठवड्यातले चार दिवस, कधी पाच. दहावीपर्यंत पोचवायचं आहे, इन्शाअल्लाह.

वाचकहो, पुढची सुट्टी जोडून येईल तेव्हा मुलांना घेऊन आपल्या गावच्या बाजारात एक चक्कर मारा. इमारत जरूर दाखवा, तिचा इतिहासही सांगा. पण भाजी घेताना पोत्यावर कोण बसलंय तेही बघा, आणि शाळेच्या वयाचं लेकरू दिसलं तर त्याच्या आईजवळ बसून विचारा, अडचण नेमकी किती वाजताची आहे.