घामाच्या नोंदीचा मालक कोण?

बिबवेवाडीत सायंकाळी सरावास निघालेल्या मुलांच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी पट्टी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. मार्केट यार्डालगत वाढलेल्या या भागातील होतकरू कबड्डीपटूचे डोळे लागलेले असतात ते व्यावसायिक संघाकडे. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे पहिलेवहिले विजेतेपद पटकावल्यावर ती ओढ वाढली तर त्यात आश्चर्य ते काय? मात्र आजच्या व्यावसायिक क्रीडाविश्वात खेळाडूच्या देहाची नोंद क्षणाक्षणाला ठेवली जाते. ती नोंद कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे कोणी धडपणे विचारलेलाही नाही.

मोजमापाला विरोध करण्याचे कारण नाही. दोन खांद्यांच्या मध्ये, बंडीच्या कप्प्यात बसणारे काडेपेटीएवढे यंत्र खेळाडू किती धावला, किती वेगाने वळला, कोठे थकला हे सांगते. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) चौथे स्थान मिळविणाऱ्या भारतीय महिला हॉकी संघाच्या तयारीत अशा यंत्रांचा वाटा होता. तालमीतला वस्ताद मल्लाच्या श्वासावरून जे ओळखत असे, तेच यंत्र आकड्यांत मांडते. फरक एवढाच, की वस्तादाचे निदान हौद्याबाहेर जात नसे.

हे आकडे मात्र बाहेर जातात. गुडघा कुरकुरतो आहे, वेग मंदावला आहे, ही माहिती लिलावाच्या मेजावर पोहोचली तर खेळाडूची किंमत कोण ठरवणार? अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेशी खेळाडूंच्या संघाने २०१७ मध्ये केलेल्या करारात याचे उत्तर आहे : यंत्र वापरण्यास खेळाडू नकार देऊ शकतो, आणि त्यातील माहिती मानधनाच्या वाटाघाटीत वापरल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. बाजाराचे माहेरघर असलेल्या देशाला जे सुचले, ते आपल्याला का सुचू नये? आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, तीही निवृत्तांची! मैदानावरच्या खेळाडूच्या वतीने बोलणार कोण?

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमतीही त्याने आवश्यक मानली. परंतु संघात जागा हवी असलेल्या पोराची संमती ही कितपत मुक्त? शिवाय आरोग्यविषयक माहितीला या कायद्याने वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही, आणि सरकारने मनाई केलेले देश वगळता ती परदेशी पाठविण्यास मुभा आहे.

यात राष्ट्रीय सुरक्षेचाही धागा आहे. स्ट्राव्हा या व्यायाम-नोंदीच्या सेवेने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून जानेवारी २०१८ मध्ये अनेक देशांचे लष्करी तळ उघडे पडले. सैनिकांच्या धावण्याच्या वाटाच तेथे उजळल्या होत्या. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये घडणारे खेळाडू हेही सैनिकच आहेत. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा जवान म्हणून सियाचीनला राहून आला, आणि मग स्टीपलचेसच्या मार्गावर उतरला.

क्रीडा महासंघांनी कराराच्या नमुन्यात दोन ओळी घालाव्यात : नोंद खेळाडूची राहील, आणि करार संपताच ती त्याच्या हाती सोपविली जाईल. तोवर बिबवेवाडीच्या पालकांनी मुलाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी प्रशिक्षकाला एवढे तरी विचारावे, की हे आकडे जातात कोठे?