लेबलाचं मोल
धुळे, नागपूर ओलांडून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ छत्तीसगडमधल्या कुम्हारीतून जातो. इथून धावणाऱ्या कुठल्या ट्रकात लिथियमच्या बॅटऱ्या आहेत, हे खोक्यावरच्या लेबलाखेरीज कळणार कसं? ९ एप्रिल २०२२ला नाशिकमध्ये कंटेनरमधल्या ४० ई-स्कूटरपैकी २० जळाल्या. सुदैवाने जीवितहानी टळली. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या म्हणजे यूएन क्रमांक ३४८०, धोकादायक मालाचा ९वा वर्ग. त्यांची टोकं झाकलेली हवीत, खोकं भक्कम हवं. मालवाहू विमानातही त्या साधारणतः ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज केलेल्या चालतात, कारण भरलेला सेल पेटला की शेजारच्यालाही पेटवतो. फुगलेली, चेपलेली बॅटरी साध्या पार्सलात घालूच नका. लेबल लपवून वाचवलेल्या भाड्याची किंमत ड्रायव्हर आणि हमालांना जीव देऊन मोजावी लागू शकते.